अमावास्येचं शेत

शेत हिरवंगार होतं. आम्हाला ते पिवळं हवं होतं.

मखमलाबादच्या पुढे, कालव्याला लागून असलेल्या शेवंतीच्या एका तुकड्याच्या बांधावर आम्ही तिघं उभे होतो. सूर्य नुकता वर आला होता. कालव्यावरचं धुकं सावकाश शेतात उतरत होतं आणि आमच्या पायांपाशी येऊन थांबत होतं. सोहमने मोबाइल समोर धरला. आधी फोटो पाहिला, मग शेत, मग पुन्हा फोटो. फोटोत बांधापासून विहिरीपर्यंत पिवळ्या रंगाशिवाय काही नव्हतं. समोर नुसती पानं होती आणि त्यांच्यावर दव.

"मॅडम, शेत हेच आहे ना?" त्याने हळूच विचारलं. कुणी झोपलं असावं आणि त्याला जाग येऊ नये, अशा आवाजात.

विहीर तीच होती. विहिरीवरचं उंबराचं झाड तेच होतं. शेतही तेच होतं. फक्त फुलं नव्हती, आणि शूट चार दिवसांवर आलं होतं.

मी जाहिरातींचं प्रॉडक्शन बघते. म्हणजे मी कॅमेऱ्याच्या मागेही नसते आणि पुढेही नसते. मागच्यांची आणि पुढच्यांची गाडी, जेवण, परवानग्या आणि पैसे वेळेवर पोचतात की नाही, हे बघणारी बाई म्हणजे मी. बरीच वर्षं मुंबईत केलं, आता नाशकात करते. दातांचे दवाखाने, साड्यांची दुकानं, लग्नाची लॉन्स. शिवाय एका कॉलेजात मास मीडियाच्या शेवटच्या वर्षाला शिकवायला जाते. तिथे मुलांनी एका खऱ्या क्लायंटसाठी एक मिनिटाची जाहिरात करायची असते. कॉलेज प्रत्येक गटाला थोडी रक्कम देतं, त्यातच सगळं बसवायचं. मुलं स्वप्न घेऊन येतात, मी त्याला कॉलम आखून देते.

सोहम डायरेक्टर. तो इगतपुरीचा. वर्षातले चार महिने धुक्यात समोरचं घर दिसत नाही अशा गावात वाढल्यामुळे असेल, पण त्याला न दिसणाऱ्या गोष्टी फार स्पष्ट दिसतात. क्षितिजा प्रोड्यूसर. तिच्या वडिलांचं सिडकोत किराणा दुकान आहे, त्यामुळे भाव केल्याशिवाय तिला घास उतरत नाही. क्लायंट तिनेच आणला होता. वैशालीताई.

वैशालीताई फुलपुडीचा रतीब घालतात. पाच-सहा शेवंतीची फुलं, जास्वंदीची कळी, दूर्वा, तुळस, सोमवारी बेल. कागदात बांधलेली ही पुडी इंदिरानगरातल्या शेकडो दारांच्या कड्यांना उजाडायच्या आत लटकलेली असते. फुलं स्वतःच्या शेतातली. नवरा अंबडच्या कंपनीत शिफ्टला जातो, शेत आणि रतीब त्या बघतात, आणि शेताचे निर्णय मात्र थोरले दीर घेतात. नंदूभाऊ.

आता यातला अडचणीचा भाग. त्या शेताच्या तिन्ही बाजूंना लॉन्स झाली आहेत. हिरवा गालिचा, प्लास्टरचे हंस, रात्री बारापर्यंत डीजे. शेजारच्या लॉन्सवाल्याला पार्किंगसाठी नेमका हाच तुकडा हवा होता. नंदूभाऊंची तयारी होती. पण वैशालीताईंनी त्यांच्याकडून एक मुदत मागून घेतली होती. इंदिरानगरच्या टोकाला नवी मोठी सोसायटी झाली आहे, बारा-पंधरा मजल्यांच्या इमारती. तिथल्या कमिटीने ठरवलं होतं की गेटमधून दूधवाला एक, पेपरवाला एक आणि फुलवाला एक. फुलांसाठी दोघांना बोलावलं होतं. एक मोबाइलवरून ऑर्डर घेणारी कंपनी, दुसऱ्या वैशालीताई. गेट मिळालं तर रतीब दुपटीने वाढणार आणि शेत राहणार. नाही मिळालं तर गुढीपाडव्यापासून तिथे गाड्या लागणार. कमिटीसमोर बोलायला प्रत्येकाला थोडा वेळ मिळणार होता, आणि आमच्या मुलांची जाहिरात तिथेच दाखवायची होती.

म्हणून ते शेत पिवळं हवं होतं.

सोहमच्या स्क्रिप्टमध्ये पिवळ्या साडीतली एक मुलगी धुक्यातून फुललेल्या शेतात चालत जाते. एक फूल तिच्या ओंजळीत पडतं. ती ओंजळ उघडते ती थेट शहरातल्या एका दारात. ऐकायला छान होतं. मी विचारलं, याला किती लागेल? तो म्हणाला, धुकं लागेल. क्षितिजाने वही काढली.

त्या दोघांचं बजेट खरं तर व्यवस्थित झालं होतं. कॅमेरा आणि लेन्स भाड्याने, एका दिवसाचे. नाटकात काम करणारी एक मुलगी, नाममात्र मानधनावर. साडी क्षितिजाच्या मावशीची. गाडी, नाश्ता, एडिटर, संगीत. सोहमला ड्रोन हवा होता, तो मी पहिल्याच मीटिंगमध्ये खोडला. परवानगीला जो वेळ लागतो त्यात मुलं पास होऊन नोकरीला लागली असती. एक गोष्ट मात्र मी हट्टाने घालायला लावली, कंटिन्जन्सी. म्हणजे एकूण खर्चाचा दहावा भाग कशालाही न लावता बाजूला ठेवायचा. सोहमने विचारलं होतं की हे पैसे नक्की कशाचे. मी सांगितलं, आपल्याला जे माहीत नाही त्याचं हे भाडं.

दुसरी हट्टाची गोष्ट म्हणजे दुसरी रेकी. शूटच्या आधी जागा बघून यायची, तिला आमच्यात रेकी म्हणतात. पहिल्या रेकीत डायरेक्टर जागेच्या प्रेमात पडतो. दुसऱ्या रेकीत आम्ही जाऊन बघतो की गाडी कुठे लागेल, सूर्य कुठून येईल, बाथरूम कुठे आहे. पहिली रेकी मुलांनी एकट्याने केली होती. वैशालीताईंना फोन करून विचारलं होतं की तुम्हाला सोयीचा दिवस सांगा. त्यांनी सांगितला. मुलं गेली, फोटो काढले आणि परत आल्यावर दोन दिवस सोहम कुणाशी नीट बोलला नाही, इतका तो त्या रंगात बुडला होता. आज दुसरी रेकी होती.

वैशालीताईंची स्कूटर बांधापर्यंत आली. रतीब घालून परतत होत्या. मागचे क्रेट रिकामे, स्वेटरवर दवाचे थेंब, कानाला स्कार्फ. आमचे चेहरे बघून त्यांनी स्कूटर बंदच केली.

"ताई, फुलं कुठे गेली?" क्षितिजाने विचारलं.

"कुठं जातील? इंदिरानगरला. दारांना लटकलीत आत्ता."

"पण त्या दिवशी तर सगळं भरलेलं होतं."

"त्या दिवशी अवस होती ना," त्या म्हणाल्या. "अवसेला आम्ही शेतात पाय ठेवत नाय. तोडणी नाय, पाणी नाय, काहीच नाय. म्हणून तर तुम्हाला त्या दिवशी बोलावलं. सोयीचा दिवस विचारला होता तुम्ही."

अवस म्हणजे अमावास्या. आमच्याकडे बऱ्याच गावांत त्या दिवशी औत धरत नाहीत, नवं काम काढत नाहीत. या घरात तर शेतात पाऊलच टाकत नाहीत. त्या दिवशीची पुडी आदल्या सकाळी तोडून ओल्या गोणपाटाखाली ठेवलेल्या फुलांची असते. सोहमला तेव्हा आठवलं की पहिल्या रेकीला वैशालीताईंनी त्यांना बांधावरच थांबवलं होतं. "आज आत नका जाऊ" म्हणाल्या होत्या. त्याला वाटलं होतं, बुटांमुळे.

मग त्यांनी जे सांगितलं ते मी उभ्या उभ्या दोनदा ऐकून घेतलं. फुलं उमलतात ती संध्याकाळपासून रात्रभर. तोडणी पहाटे, बॅटरीच्या उजेडात. उजाडेपर्यंत शेत रिकामं झालेलं असतं. म्हणजे शेत भरलेलं असतं तेव्हा अंधार असतो, आणि उजेड होतो तेव्हा फुलं नसतात.

"मग उजेडात फुललेलं कधी दिसतं?" सोहमने विचारलं.

वैशालीताईंनी शेताकडे पाहिलं. हा प्रश्न त्यांना कुणी कधी विचारला नसावा.

"अवसेलाच," त्या म्हणाल्या. "पण अवसेला बघायला कोण येतंय? आम्हीपण येत नाय. तुम्ही आला म्हणून मी आले त्या दिवशी."

धुकं विरत होतं. हिरव्या पानांवर ऊन आलं. महिन्यातून एकदा हे सगळं फुलतं, दिवसभर उन्हात उभं राहतं आणि कुणीही बघत नाही, हा विचार माझ्या डोक्यात शिरला आणि मी तो लगेच बाहेर काढला. चार दिवसांवर शूट होतं.

चहा घेत आम्ही पंपाच्या खोलीच्या ओट्यावर बसलो आणि मी माझ्या सवयीप्रमाणे पर्याय मांडायला लागले. पहिला पर्याय सोपा वाटत होता. एका दिवसाची तोडणी थांबवायची, आणि त्या दिवसाच्या पुड्यांसाठी फुलं बाजारातून विकत आणायची. क्षितिजाने भाव विचारून हिशेब केला. कंटिन्जन्सीत जेमतेम बसत होतं.

वैशालीताईंनी कप खाली ठेवला. "माझ्या पुडीत मार्केटची फुलं? मग जाहिरात कशाची करताय?"

तो पर्याय गेला.

दुसरा पर्याय सोहमने सुचवला, जरा चाचरत. बाजारातली फुलं आणून झाडांना दोऱ्याने बांधायची. यात आश्चर्य काही नाही, जाहिरातीत हे सर्रास होतं. मी स्वतः एकदा कडुनिंबाला आंबे बांधून घेतले आहेत. वैशालीताई आधी हसल्या. मग त्यांच्या लक्षात आलं की आम्ही गंमत करत नाही.

"तोडलेलं फूल परत झाडाला बांधायचं," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "बांधा. शेत काय, तुम्हाला दिलंय. फक्त मला बघायला बोलवू नका."

सोहमने मान खाली घातली. मी कागदावर रेघ मारली.

राहिला एकच पर्याय. पुढची अमावास्या शनिवारी होती. कमिटीची मीटिंग त्याच्या दुसऱ्याच दिवशी, रविवारी संध्याकाळी. कॉलेजात सबमिशन सोमवारी. म्हणजे शूट एकदाच, रिटेकला दुसरा दिवस नाही, आणि एडिटला एक रात्र. मुंबईत असते तर मी असा प्लॅन मांडणाऱ्याला घरी पाठवलं असतं. पण मुंबईत माझ्यासमोर पर्याय असायचे.

नंदूभाऊंना विचारणं भाग होतं. ते विहिरीपाशी मोटर उघडून बसले होते. कमी बोलणारा माणूस. सगळं ऐकून घेतलं, हात पुसले.

"शूटिंग करा. शेतात पाय ठेवायचा नाय."

"आमची एक मुलगी फक्त चालत जाईल, भाऊ. अनवाणी."

"कुणीच नाय."

"पिवळी साडी नेसून," सोहम म्हणाला. त्याने काय फरक पडेल असं त्याला वाटलं, देव जाणे.

"साडी कोणत्याबी रंगाची असू द्या."

मला राहवलं नाही. पाडव्याला हे शेत पार्किंगला द्यायला निघालेला हाच माणूस. मी म्हटलं, भाऊ, काही महिन्यांनी इथे गाड्या लागणार, मग अवस पाळायची कशाला?

ते पुन्हा मोटरीकडे वळले. "तवर शेत हाय ना," ते म्हणाले.

त्यानंतरचा आठवडा फोनवर गेला. कॅमेरा भाड्याने देणाऱ्याने तारीख बदलायला आधी नकार दिला, मग क्षितिजाने त्याला शनिवार-रविवार मिळून असा काही हिशेब मांडला की तो आभार मानून मोकळा झाला. नाटकातल्या मुलीचा त्या शनिवारी प्रयोग होता, त्यामुळे ती गळली. तिचं मानधन, मेकअप, साडीची इस्त्री, सगळं बजेटमधून उतरलं. ते पैसे आम्ही एडिटरला दिले, कारण रात्री जागवायचं तर त्याला जास्तीचं देणं रास्त होतं. कागदावर सगळं बसत गेलं. पडद्यावर काय दाखवायचं, तेवढं मात्र उरलं नव्हतं. मुलगी नाही, चालणं नाही, ओंजळ नाही. सोहम दिवसेंदिवस गप्प होत गेला.

मी त्याला एकच सांगितलं. बांधावरून जे दिसतं तेवढंच लिही. तो दोन-तीनदा संध्याकाळी एकटाच कालव्यावर जाऊन बसला. मग एक कागद घेऊन आला. त्यावर एवढंच होतं: वैशालीताई बांधावर येतात. शेत बघतात.

"आणि पुढे?" क्षितिजाने विचारलं.

"पुढे माहीत नाही," तो म्हणाला.

कॉल शीटवर, म्हणजे कोणी किती वाजता कुठे पोचायचं त्या कागदावर, मी आयुष्यात पहिल्यांदा एका रकान्यात 'माहीत नाही' असं लिहिलं.

शनिवारी आम्ही पोचलो तेव्हा शेत दिसत नव्हतं. धुकं होतं. एवढं दाट की शेजारच्या लॉन्सचे हंससुद्धा खरे वाटावेत. कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. तसं कुणी सांगितलं नव्हतं, पण तसं झालं होतं. सोहमने बांधावर ट्रायपॉड लावला, बांध अरुंद होता. नंदूभाऊ कुठून तरी आले, वाकले आणि ट्रायपॉडचा एक पाय उचलून बांधावर घेतला. तो शेतात गेला होता.

"तोपण पायच हाय," ते म्हणाले.

मग बांबूचा प्रश्न आला. वरून शॉट हवा म्हणून मुलांनी लांब बांबूच्या टोकाला छोटा कॅमेरा बांधला होता. बांबू बांधावर धरायचा, कॅमेरा शेतावर तरंगणार. नंदूभाऊंनी तो बांबू बराच वेळ न्याहाळला. आम्ही न्यायाधीशासमोर उभे राहावं तसे उभे. शेवटी म्हणाले, सावली पडली तर चालते. सावलीला वजन नसतं.

आणि मग धुकं वर गेलं.

मी तीस वर्षांत पुष्कळ जागा पाहिल्या आहेत. पहिल्यांदा काय बघायचं हे मला ठरलेलं असतं: लाईटचा पॉइंट कुठे, सावली कुठे, माणसं बसतील कुठे. त्या सकाळी मी यातलं काहीच बघितलं नाही. पांढऱ्यातून आधी एक पिवळी रेघ आली. मग तिच्या मागे दुसरी. मग सगळं शेत एकदम, काठोकाठ, अगदी स्थिर. वारा नव्हता. मधमाश्या आल्या होत्या, त्यांचा आवाज सगळीकडून येत होता आणि कुठूनच येत नव्हता. पाऊलवाटा होत्या, त्यांवर पावलं नव्हती. पाण्याचे पाट होते, कोरडे. ज्या जागेत रोज माणसं राबतात, तिथे आज कुणीही नव्हतं, आणि ती जागा आपल्याच नादात होती. आपण झोपेत एखाद्या ओळखीच्या घरात शिरतो आणि तिथे कुणी नसतं तरी परकं वाटत नाही, तसं काहीसं. किती वेळ उभी होते सांगता येणार नाही. हातातल्या कॉल शीटवर दव पडून शाई फुटली, ते मला नंतर कळलं.

वैशालीताई बांधावर आल्या. रोजचीच साडी, रोजचाच स्वेटर. सोहमने त्यांना काहीही सांगितलं नाही. नुसता कॅमेरा चालू केला. त्या उभ्या राहिल्या आणि बघायला लागल्या.

सुरुवातीला त्या जरा अवघडल्या. मग आम्हाला विसरल्या. आणि मग त्यांचे हात हलायला लागले. पदराआड, कंबरेपाशी, अगदी थोडेसे. अंगठा आणि दोन बोटं, मुरड आणि सोड, मुरड आणि सोड. हात तोडत होते. रोज पहाटे अंधारात जे करतात तेच, हवेत. त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

सोहमने माझ्याकडे पाहिलं नाही. क्षितिजाकडेही नाही. कॅमेरा हळूच हातांवर नेला आणि तिथेच ठेवला.

पुष्कळ वेळाने वैशालीताई म्हणाल्या, "मी हे रोज हातानंच बघते."

एवढंच. ते माइकवर आलं होतं.

मागे पंपाच्या खोलीच्या पायरीवर नंदूभाऊ बसले होते. कुणी आत पाय ठेवू नये म्हणून राखण करायला बसलेले. ते शेताकडे बघत होते. माझ्या लक्षात आलं की हेही कधी अवसेला इकडे आलेले नसणार.

"एवढी असतात व्हय?" ते म्हणाले. माझ्याशी नव्हे.

शनिवारची रात्र एडिटरची होती, तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. रविवारी दुपारी जाहिरात तयार झाली. धुकं, शेत, बांधावरची बाई, तिचे हात, तिचं ते एक वाक्य. मग पहाटेच्या अंधारात दाराच्या कडीला लटकणारी पुडी. वर सोहमचा आवाज: "आज अमावास्या. आज तोडणी नाही. आज फुलं शेताची. उद्या तुमची."

सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये आधी कंपनीच्या तरुणाने स्क्रीनवर त्यांचं अॅप दाखवलं. बंद डबे, वेळेचे मेसेज, वर्षाचे सगळे दिवस सेवा. नीटनेटकं होतं. मी त्याच्या जागी असते तर तेच केलं असतं. मग आमची जाहिरात लागली. ती संपली. दोन बायकांनी खाली स्वतःच्या हातांकडे पाहिलेलं मला दिसलं.

सेक्रेटरी बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ होते. त्यांनी चष्मा काढला.

"छान आहे. पण म्हणजे अमावास्येला पुडी नाही का?"

इतके दिवस आम्ही त्या एका दिवसाच्या मागे धावत होतो, आणि गिऱ्हाईक हा प्रश्न विचारेल हे तिघांपैकी कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. आम्ही आमच्या क्लायंटच्या सुट्टीची जाहिरात केली होती. क्षितिजाने घाईघाईने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण वैशालीताई आधीच उभ्या राहिल्या होत्या.

"पुडी असते," त्या म्हणाल्या. "आदल्या दिवशी तोडलेली असते. ओल्या गोणपाटात ठेवते. पण खरं सांगते, फूल थोडं मलूल असतं त्या दिवशी."

"म्हणजे महिन्यातून एकदा शिळं फूल."

"हो."

"आणि हे तुम्ही आधीच सांगताय."

"नंतर सांगितलं तर तुम्हीच विचाराल ना, आधी का नाही सांगितलं."

सेक्रेटरींनी कंपनीच्या तरुणाकडे वळून विचारलं की तुमची फुलं कधीची असतात. तो म्हणाला, ताजी. ते म्हणाले, ताजी म्हणजे कधी तोडलेली? त्याने फोन काढला आणि कुणाला तरी मेसेज केला. उत्तर येईपर्यंत कमिटीतल्या एका आजींनी वैशालीताईंना जवळ बोलावून विचारलं होतं की सोमवारी बेल मिळेल का, तिन्ही पानं शाबूत असलेला.

निकाल असा लागला की गेट पास मिळाला, पण पाडव्यापर्यंत, अनुभव बघण्यासाठी. आम्हाला काहीतरी ठोस हवं होतं. बाहेर पार्किंगमध्ये वैशालीताईंनी दिरांना फोन लावला. स्पीकरवर होता, म्हणून आम्ही ऐकलं.

"पाडव्यापर्यंत दिलंय, भाऊ."

"पाडव्यापर्यंत तर शेत हायच की," नंदूभाऊ म्हणाले. आणि मग, "त्या लॉन्सवाल्याला मी सांगतो. म्हणावं, यंदा दुसरी जागा बघ."

वैशालीताईंनी फोन पर्समध्ये ठेवला, स्कूटरला किल्ली लावली आणि क्षितिजाला म्हणाल्या की उशीर झाला, कळ्या बघायच्यात. बस्स.

पाडवा होऊन गेला. गेट पास वर्षाचा झाला. शेत अजून आहे. पुढच्या वर्षीचं कुणी बोलत नाही, आणि तेच बरं आहे. सोहमला कॉलेजात दुसरा क्रमांक मिळाला. परीक्षकांचा शेरा होता, 'प्रॉडक्ट उशिरा दिसते'. बजेटमध्ये कंटिन्जन्सी पूर्ण शिल्लक राहिली. क्षितिजाने ती कॉलेजला परत केली आणि पावती मागून घेतली.

माझ्या कॉल शीटवर आता तारखेशेजारी तिथीचा रकाना असतो. दातांचे डॉक्टर विचारतात, हे कशाला? मी सांगते, असू दे. आणि मुलांना रेकी शिकवताना एक नियम शिकवते. क्लायंटला सोयीचा दिवस कधीही विचारू नका. सोयीच्या दिवशी माणूस मोकळा असतो आणि त्याचं काम घरी असतं. त्याला गर्दीचा दिवस विचारा. नियम चांगला आहे. या जाहिरातीत तो पाळला असता तर मात्र ती जाहिरात झाली नसती. हे मी वर्गात सांगत नाही.

आता माझ्याही दाराला वैशालीताईंची पुडी असते. महिन्यातून एक दिवस फुलं मलूल निघतात. मी तक्रार करत नाही. देवापुढे ती वाहताना मला पलीकडचं दिसतं: आज शेत भरलेलं आहे आणि बांधावर कुणी नाही.